साखळीतल्या चुका कोण करतं?

पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. तिच्यात झालेल्या चुका मोजता येतात. त्या कशा विखुरल्या आहेत हे पाहून त्या कोणामुळे झाल्या, हेसुद्धा सांगता येतं. इतक्या वर्षांच्या कामात रसायनशास्त्रातल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने मला इतकं खिळवून ठेवलेलं नाही. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते आहे.

नोकरीची सुरुवात एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये झाली. काम ठरलेलं असे. रिॲक्टरमधून आलेली पांढरी पावडर तोलायची, उकळत्या झायलीनमध्ये पूर्ण विरघळवायची आणि मग २५ अंशांपर्यंत थंड करून ठेवून द्यायची. ज्या साखळ्यांची रचना नियमित आहे त्या थंड होताना स्फटिक होऊन खाली बसतात; ज्यांची नाही त्या द्रावणातच राहतात. गाळून घ्यायचं, झायलीन उडवायचं आणि भांड्याच्या तळाशी उरलेला चिकट थर तोलायचा. तो आकडा म्हणजे ‘झायलीन सोल्युबल’, आमच्या बोलण्यात नुसतं ‘एक्सएस’. रात्रपाळीला कंट्रोल रूममधून फोन यायचा, “मॅडम, एक्सएस किती आला?” तीन-साडेतीन टक्के सांगितलं की पलीकडचा आवाज सैल व्हायचा. पाचच्या वर गेला की पुढचं वाक्य ठरलेलं, “बरं, डोनर वाढवतो.”

डोनर म्हणजे रिॲक्टरमध्ये पंपाने सोडायचं एक संयुग. तो वाढवला की एक्सएस उतरतो, हे लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होतं. का उतरतो, हे मला नोकरी लागल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. आणि कळल्यावर त्या चिकट थराकडे पाहण्याची माझी नजर पार बदलली.

आधी तो थर आहे काय ते सांगते. प्रोपिलीन हा तीन कार्बनचा वायू. दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध, आणि तिसरा कार्बन मेथिल होऊन बाजूला लटकलेला. दुहेरी बंध उघडून असे हजारो रेणू जोडले गेले की लांबलचक कणा तयार होतो आणि कण्यातल्या दर दुसऱ्या कार्बनवर एक मेथिल येतो. हा कणा नागमोडी करून कागदावर सपाट पसरला आहे अशी कल्पना करा. प्रत्येक मेथिल एकतर कागदाच्या वर येईल किंवा खाली जाईल. सगळे एकाच बाजूला आले तर ती साखळी आयसोटॅक्टिक. एक वर, एक खाली असे आले तर सिंडिओटॅक्टिक. काहीच धरबंध नसेल तर अटॅक्टिक.

तिन्हींचं रासायनिक पृथक्करण केलं तर कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण अगदी तंतोतंत एक. तरीही आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, त्याची सिरिंज १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करता येते, त्याच्या धाग्यांची पोती सिमेंटचं ओझं सोसतात. अटॅक्टिक मात्र बोटाला चिकटतं आणि त्याला वितळण्याचा ठरावीक बिंदूच नाही. कारण साधं आहे. सगळे मेथिल एका बाजूला असले की सपाट कण्यावर ते एकमेकांना खेटतात, त्यामुळे साखळी पीळ घेते, दर तीन कड्यांना एक वेढा, साडेसहा अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश भाग). असे एकसारखे पीळ एकमेकांशेजारी नीट रचले जातात आणि स्फटिक बनतो. मेथिल वाटेल तसे असतील तर पीळही वाटेल तसा, मग रचणार कसं?

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. साखळी एकदा तयार झाली की मेथिलची बाजू बदलत नाही. ती वाकवा, ताणा, वितळवा, बंधांभोवती हवी तितकी फिरवा; वर जोडला गेलेला मेथिल खाली न्यायचा तर बंध तोडावाच लागेल. म्हणजे सगळा निर्णय होतो तो नवी कडी जोडली जाण्याच्या त्या एका क्षणी. आणि त्या क्षणी तिथे फक्त तिघं असतात: धातूचा एक अणू, तोवर वाढलेली साखळी आणि नव्याने आलेला प्रोपिलीनचा रेणू. या तिघांपैकी बाजू कोण ठरवतं?

हा प्रश्न विचारता येण्याआधी मुळात नियमित साखळी बनतेच, हे कोणीतरी दाखवायला हवं होतं. ती हकिगत जर्मनी आणि इटली अशी दोन देशांत घडली. म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत कार्ल झिग्लर ॲल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगांवर इथिलीनच्या साखळ्या वाढवत होते. १९५३ मध्ये त्यांचे विद्यार्थी होल्झकांप यांच्या प्रयोगात साखळी वाढायचं सोडून नुसतं ब्यूटीन मिळालं, दोन रेणू जोडले की काम बंद. शोध घेताना आढळलं की पात्रात निकेलचा अंश राहिला होता आणि त्याने वाढ थांबवली होती. मग त्यांनी एकेक धातू घेऊन पाहायला सुरुवात केली, आणि निकेलच्या बरोबर उलट वागणारे धातू सापडले: आधी झिर्कोनियम, पाठोपाठ टायटॅनियम. टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि ॲल्युमिनियमचं संयुग एकत्र केलं की साध्या वातावरणीय दाबाला इथिलीनचं घट्ट पॉलिथिलीन होऊ लागलं. तोवर त्यासाठी हजारो पट दाब लागत असे.

मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये जुलिओ नट्टा यांना हे ताबडतोब कळलं. मोंतेकातिनी कंपनीचा झिग्लर यांच्याशी करार होता आणि नट्टांची तरुण माणसं म्युलहाइमला जाऊन काम शिकून आली होती. नट्टांनी इथिलीनच्या जागी प्रोपिलीन घेतलं. ११ मार्च १९५४ रोजी पाओलो कीनी यांनी तो प्रयोग केला आणि नट्टांनी आपल्या डायरीत एवढंच लिहिलं की पॉलिप्रोपिलीन तयार झालं.

मिळालेला पदार्थ मात्र गचाळ होता. थोडा रबरासारखा, थोडा पांढरा, सगळा एकमेकांत मिसळलेला. दुसऱ्या कोणी तो बाजूला सारला असता. नट्टांच्या लोकांनी तो एकामागून एक द्रावकांत उकळला: ॲसिटोन, ईथर, हेप्टेन. दर वेळी काही भाग विरघळून निघून गेला आणि शेवटी उकळत्या हेप्टेनलाही न जुमानणारी पांढरी पूड उरली. पाओलो कोर्रादिनी यांनी तिच्यावर क्ष-किरण टाकले तेव्हा तो साडेसहा अँगस्ट्रॉमचा पीळ दिसला. सगळे मेथिल एका बाजूला असल्याशिवाय असा पीळ संभवतच नाही. आयसोटॅक्टिक वगैरे नावं सुचवली ती नट्टांच्या पत्नी रोझिता बेआती यांनी. त्या साहित्याच्या पदवीधर होत्या.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. आमच्या लॅबमधली झायलीनची कंटाळवाणी चाचणी आणि नट्टांचं ते उकळणं यांत तत्त्वाचा काहीच फरक नव्हता.

पुढचा भाग थोडा कडवट आहे, तो लवकर सांगून टाकते. नट्टांनी प्रोपिलीनचं पेटंट जून १९५४ मध्ये दाखल केलं. झिग्लर ऑगस्टमध्ये तेच करायला गेले तेव्हा त्यांना कळलं की मिलानची मंडळी पुढे गेली आहेत. दोघांचे संबंध बिघडले ते बिघडलेच. १९६३ चं नोबेल मात्र दोघांना एकत्र मिळालं. तोवर नट्टांना पार्किन्सनने ग्रासलं होतं. अमेरिकेत तर फिलिप्स पेट्रोलियमच्या होगन आणि बँक्स यांना १९५१ मध्येच वेगळ्या उत्प्रेरकावर स्फटिकी पॉलिप्रोपिलीन मिळालं होतं आणि पदार्थाच्या पेटंटचा वाद कोर्टकचेऱ्यांतून फिरत फिरत १९८३ मध्ये फिलिप्सच्या बाजूने मिटला. श्रेय कोणाचं यावर लोक अजूनही हिरिरीने बोलतात. मला त्यात रस नाही. नट्टांचं मोठेपण त्या गचाळ गोळ्यात वेगवेगळे पदार्थ आहेत हे ओळखण्यात आहे, आणि ते त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. टायटॅनियमच्या अणूला बाजू कशी कळते?

पहिली गोष्ट अशी की साखळी शेंड्याकडून वाढत नाही. डोक्यावरचा केस जसा मुळाशी वाढतो आणि जुना भाग पुढे ढकलला जातो, तशीच ही साखळीही मुळाशी, म्हणजे धातूजवळ वाढते. १९६४ मध्ये शेल कंपनीच्या ॲम्स्टरडॅममधल्या प्रयोगशाळेतून पीट कोसे यांनी याचं जे चित्र मांडलं तेच थोड्याफार फरकाने आजही मानलं जातं. टायटॅनियमच्या एका हाताला साखळी बांधलेली असते आणि शेजारची एक जागा मोकळी असते. प्रोपिलीन येऊन त्या मोकळ्या जागेवर टेकतं. मग साखळी आपली जागा सोडून प्रोपिलीनवर सरकते, दुहेरी बंध उघडतो आणि नवी कडी साखळी व धातू यांच्यामध्ये बसते. साखळीने सोडलेली जागा आता मोकळी. पुढचा रेणू तिथे येतो.

प्रोपिलीनचा रेणू चपटा असतो आणि त्याला दोन बाजू असतात. कुठल्या बाजूने तो धातूवर टेकला यावर त्याच्या मेथिलची दिशा ठरते. टायटॅनियम ट्रायक्लोराइडच्या जांभळ्या स्फटिकाचे थर असतात, आणि काम चालतं ते थरांच्या कडेला. तिथल्या टायटॅनियमभोवतीचे क्लोरीन असे बसलेले असतात की ती जागा डावी किंवा उजवी होते, म्हणजे आरशातल्या आपल्याच प्रतिमेवर ती जशीच्या तशी बसत नाही. डाव्या जागेने एक बाजू निवडावी आणि उजव्या जागेने दुसरी, हे समजण्यासारखं आहे. मीही बराच काळ असंच समजत होते की जागेला साचा आहे आणि प्रोपिलीन त्या साच्यात बसतं.

प्रत्यक्षात तसं घडत नाही. प्रोपिलीनचा मेथिल इतका लहान आणि क्लोरीनपासून इतका दूर असतो की जागेचा आकार त्याला थेट जाणवतच नाही. कोर्रादिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब करून जे दाखवलं ते मला या सगळ्या विषयाचं हृदय वाटतं. जागा दाबते ती साखळीला. धातूला चिकटलेल्या साखळीचा पहिला कार्बन-कार्बन बंध भोवतालच्या क्लोरीनांना चुकवण्यासाठी एका विशिष्ट दिशेला वळतो. नवा रेणू मग त्या वळलेल्या साखळीला चुकवतो आणि त्याचा मेथिल तिच्या विरुद्ध बाजूला जातो. धातूची जागा साखळीला वळवते, साखळी नव्या कडीला वळवते.

याची पडताळणीही झाली, आणि ती आडोल्फो झांबेल्ली यांनी फार देखण्या पद्धतीने केली. साखळी जर मध्यस्थ असेल, तर साखळी नसताना काय होईल? अगदी पहिला प्रोपिलीन जोडला जातो तेव्हा धातूवर साखळी नसते, फक्त सुरुवातीचा लहानसा गट असतो. झांबेल्लींनी ॲल्युमिनियमच्या संयुगातून खूण म्हणून कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, घातला. त्यामुळे साखळीचं सुरुवातीचं टोक एनएमआरमध्ये, म्हणजे अणूंचे सिग्नल टिपणाऱ्या चुंबकीय तपासणीत, ओळखता येईल. सुरुवातीला नुसता मेथिल असेल तर पहिल्या कडीत वर-खालीचं प्रमाण निम्मं-निम्मं येतं; मेथिलला वळायला काही नाहीच. एथिल असेल, म्हणजे वळण्याजोगा एक बंध असेल, तर निवड दिसू लागते. जागा तीच, धातू तोच, फक्त वळण्याजोगं काहीतरी हवं.

या साऱ्यामागची ऊर्जा किती, तर अगदी थोडी. ७० अंशांना शंभरात एखादीच चूक व्हावी यासाठी बरोबर आणि चूक या दोन वाटांमध्ये मोलमागे साधारण १३ किलोज्यूलचा फरक पुरतो. पाण्याच्या दोन रेणूंना धरणारा हायड्रोजन बंधसुद्धा याहून दमदार असतो. इतक्याशा फरकावर हजारो कड्या एका बाजूला ठेवल्या जातात.

आता चुकांकडे वळते. साखळीतले दोन शेजारी मेथिल एकाच बाजूला असले तर त्या जोडीला ‘एम’ म्हणतात, विरुद्ध बाजूंना असले तर ‘आर’. कार्बन-१३ एनएमआरमध्ये मेथिलचा सिग्नल आजूबाजूच्या पाच कड्या कशा आहेत त्यानुसार थोडा इकडे-तिकडे सरकतो, त्यामुळे पाच-पाच कड्यांच्या दहा वेगवेगळ्या मांडण्यांचं प्रमाण मोजता येतं. समजा सगळे मेथिल वर आहेत आणि एका ठिकाणी चूक झाली. पुढची कडी काय करेल?

बाजू ठरवणारी जर धातूभोवतीची जागा असेल, तर जागा बदललेली नाही. पुढची कडी पुन्हा वर येईल. चुकलेली कडी दोन्हीकडून एकटी पडते आणि साखळीत लागोपाठ दोन ‘आर’ दिसतात. अशा चुकांमुळे तीन विशिष्ट मांडण्यांचे सिग्नल येतात आणि त्यांचं प्रमाण दोनास दोनास एक असतं. पण बाजू ठरवणारी जर साखळीची शेवटची कडी असेल, तर ती स्वतः आता खाली आहे, म्हणून पुढचीही खाली, त्याच्या पुढचीही खाली. चूक दुरुस्त होत नाही, तीच नवी रीत होते. अशा साखळीत ‘आर’ एकटाच सापडतो, आणि एनएमआरमध्ये दोनच जादा सिग्नल, एकास एक. दोन्ही साखळ्यांना ढोबळपणे आयसोटॅक्टिकच म्हणता येईल. पण चुका बोलतात.

हे दोन्ही प्रकार एकाच शोधनिबंधात शेजारी शेजारी दाखवले ते टेक्सासमध्ये एक्झॉनसाठी काम करणाऱ्या जॉन यूएन यांनी, १९८४ मध्ये. त्यांनी स्फटिकाची कड सोडून दिली आणि धातूचा अणू दोन सेंद्रिय वलयांमध्ये धरलेले मेटॅलोसीन रेणू घेतले. ते द्रावकात विरघळतात, प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखा असतो, आणि त्याची रचना आधीपासून माहीत असते. यातला एक रेणू पूर्ण सममित होता, डावा-उजवा काहीच नाही. तरी बरंच थंड ठेवल्यावर त्याने आयसोटॅक्टिक साखळी दिली, एकास एक चुकांची. सूत्रं शेवटच्या कडीच्या हातात होती. दुसऱ्या रेणूत वरची-खालची वलयं पुलाने जखडलेली होती, ज्यामुळे तो डावा किंवा उजवा झाला होता. त्याच्याकडून मिळालेल्या साखळीत दोनास दोनास एक. तिथे सूत्रं जागेच्या हाती.

पुलाने जखडलेले हे रेणू कॉन्स्टन्सच्या हान्स ब्रिंत्झिंगर यांनी घडवले होते. आणि मेटॅलोसीनला खरी ताकद दिली होती ती हांबुर्गच्या सिन आणि कामिन्स्की यांनी. या उत्प्रेरकांना पाणी म्हणजे विष, अशी सगळ्यांची ठाम समजूत. पण हांबुर्गमध्ये थोडं पाणी शिरल्यावर उत्प्रेरक मरण्याऐवजी उसळला, आणि पाणी व ट्रायमेथिल ॲल्युमिनियम यांच्यापासून बनलेलं मेथिल ॲल्युमिनॉक्सेन त्यामागे आहे हे पुढे सिद्ध झालं. १९८५ मध्ये कामिन्स्की आणि ब्रिंत्झिंगर यांनी मिळून डाव्या-उजव्या झिर्कोनियमवर आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन बनवलं.

डावे आणि उजवे रेणू वेगळे करावे लागतात का? औषधांच्या कारखान्यात हा रोजचा जीवघेणा खटाटोप असतो. इथे गरजच नाही. डाव्या रेणूने सगळे मेथिल वर ठेवले आणि उजव्याने सगळे खाली, तरी दुसरी साखळी उलटून पाहिली की दोन्ही एकच. मिश्रण तसंच वापरलं तरी चालतं. मला ही उदारता फार आवडते.

पण १९८८ चा यूएन यांचा रेणू मला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी एका बाजूला सायक्लोपेंटाडायनिल हे लहान वलय आणि दुसऱ्या बाजूला फ्लोरेनिल हे रुंद वलय घेतलं, मध्ये पूल, आणि आत झिर्कोनियम. या रेणूच्या डाव्या आणि उजव्या अंगाच्या मोकळ्या जागा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. कोसे म्हणाले होते तशी साखळी दर कडीला जागा बदलत असेल, तर एका वेळी डावी जागा बाजू निवडेल, पुढच्या वेळी उजवी. म्हणजे एक मेथिल वर, पुढचा खाली. मिळालं ते खरोखरच उत्तम सिंडिओटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन होतं. नट्टा आणि झांबेल्लींनी १९६० च्या दशकात व्हॅनेडियम वापरून उणे ७८ अंशांना सिंडिओटॅक्टिक मिळवलं होतं, पण ते शेवटच्या कडीच्या भरवशावर. यूएन यांचा रेणू ते काम कारखान्याला परवडेल अशा तापमानाला करत होता.

यातल्या चुकाही दोन प्रकारच्या निघाल्या. प्रोपिलीन चुकीच्या बाजूने टेकलं तर साखळीत लागोपाठ दोन ‘एम’ येतात. पण कधीकधी साखळी नवी कडी न घेताच पुन्हा जुन्या जागेवर सरकते. तिची एक पाळी चुकते, आणि तेव्हा एकच ‘एम’ उमटतो. प्रोपिलीनचा दाब कमी केला की दुसऱ्या प्रकारच्या चुका वाढतात, कारण साखळीला वाट पाहावी लागते. सेकंदाच्या किती लहान तुकड्यात घडून गेलेली ही हालचाल, आणि तिची नोंद थंड पडलेल्या प्लॅस्टिकमध्ये कायमची राहते.

१९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या वेमाउथ आणि कोट्स यांनी पूलच काढून टाकला. त्यांच्या रेणूची दोन वलयं साखळी वाढत असतानाच फिरतात. काही काळ रेणू डावा-उजवा असतो, काही काळ नसतो. साखळीचा एक तुकडा आयसोटॅक्टिक, पुढचा अटॅक्टिक, पुन्हा आयसोटॅक्टिक. असं पॉलिप्रोपिलीन रबरासारखं ताणलं जातं.

इतकं सगळं होऊनही आज जगातलं बहुतेक पॉलिप्रोपिलीन मेटॅलोसीनवर बनत नाही. ते मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवलेल्या टायटॅनियमवर बनतं, आपल्या नागोठण्यात बनतं तेही याच घराण्यातलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. शिवराम यांच्या गटाने दोन्ही घराण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. जुन्या घराण्याची ताकद कुठे आहे? नट्टांच्या काळचा उत्प्रेरक ग्रॅममागे किलोभर माल द्यायचा. आताचा ग्रॅममागे तीस-चाळीस किलोंच्या पुढे जातो. पूर्वी मालातून उत्प्रेरक धुवून काढावा लागे आणि अटॅक्टिक वेगळं करावं लागे. त्या चिकट ढिगांचं करायचं काय हा प्रश्नच असे. आता काहीच काढावं लागत नाही. शिवाय उत्प्रेरकाचा कण गोल असेल तर मालाचा दाणाही गोलच होतो, फक्त कित्येक पट मोठा.

आणि आमचा डोनर. मॅग्नेशियम क्लोराइडच्या कडेवर टायटॅनियम अनेक तऱ्हांनी बसतो. काही जागा साखळीला नीट वळवतात, काहींच्या भोवती इतकी मोकळीक असते की साखळी कशीही वळते. सिलेनचा डोनर अशा सैल जागांच्या शेजारी जाऊन बसतो. काही जागा त्यामुळे बंद पडतात आणि काही अरुंद होऊन शिस्तीत येतात. रात्री दोन वाजता पॅनेलवरचा ऑपरेटर डोनरचा पंप वाढवायचा तेव्हा अब्जावधी जागांची मोकळीक एकाच वेळी कमी होत असे. त्याला त्या वेळी हे सांगायला हवं होतं असं मला आता फार वाटतं. काम तो उत्तम करत होता, पण काय करतो आहे हे कळलं असतं तर त्याला आनंदच झाला असता.

नोबेल देताना स्टॉकहोममध्ये म्हटलं गेलं होतं की नियमित साखळ्या बनवण्याची निसर्गाची मक्तेदारी नट्टांनी मोडली. रबराचं झाड आयसोप्रीनच्या कड्या ‘सिस’ पद्धतीने जोडतं, गटापर्चाचं झाड ‘ट्रान्स’ पद्धतीने. इथे भेद वर-खालीचा नसतो, दुहेरी बंधाच्या कुठल्या बाजूने कणा पुढे जातो याचा असतो. पण परिणाम तसाच: एक ताणलं जाणारं रबर, दुसरं कडक, ज्याने समुद्राखालच्या तारा मढवल्या आणि ज्याने दातांचे डॉक्टर आजही रूट कॅनाल भरतात. घोलवड-डहाणूकडे ज्याच्या बागा आहेत तो आपला चिकू गटापर्चाच्याच कुळातला, आणि त्याच्या चिकात सिस व ट्रान्स दोन्ही मिळतात. कच्चा चिकू खाल्ल्यावर ओठ चिकटतात ते यामुळेच. झाडाला यासाठी एन्झाइम लागतं. १९५४ मध्ये गुडरिचच्या सॅम्युएल हॉर्न यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम वापरून तेच सिस रबर बनवलं. टायटॅनियमच्या जागी व्हॅनेडियम घेतलं की तोच आयसोप्रीन ट्रान्स होतो.

अलीकडे मी वाचते ते पॉलिलॅक्टिक ॲसिडबद्दल. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक ॲसिड, त्याचं लॅक्टाइड, त्याची साखळी. इथे रेणू आधीच डावे-उजवे असतात, उत्प्रेरकाने निवडायचं असतं ते या दोघांतून. हाडं जोडायचे विरघळणारे स्क्रू याचेच करतात. एकाच हाताच्या कड्यांची साखळी स्फटिक होते आणि शरीरात विरायला दोन वर्षांहून अधिक घेते. डाव्या-उजव्यांची सरमिसळ झालेली सव्वा वर्षाच्या आसपास विरते. कडीची बाजू आता वितळण्याचं तापमानच नव्हे, तर काळही ठरवते आहे.

१९९६ मध्ये पॅरिसच्या स्पास्की यांनी डाव्या-उजव्या ॲल्युमिनियमवर दाखवलं की मिश्रणातून एकच हात निवडला जातो; कोट्स यांनीही पुढे याच रस्त्याने मोठं काम केलं. जागेची सत्ता इथेही चालते असं दिसलं आणि मला ते स्वाभाविक वाटलं. पण २००२ मध्ये जपानमधून नोमुरा आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यांचं ॲल्युमिनियम सममित होतं, डावं-उजवं काहीच नाही. तरी साखळीत एकाच हाताचे लांब लांब तुकडे मिळाले, आणि तो पदार्थ १९० अंशांच्या आसपास वितळला. प्रोपिलीनमध्ये थंडीत जेमतेम तग धरणारी शेवटच्या कडीची सत्ता लॅक्टाइडमध्ये उबदार रिॲक्टरमध्येही टिकते, कारण इथे शेवटची कडी मोठी आहे, तिच्यावर ऑक्सिजन आहेत, आणि ती येणाऱ्या रेणूला प्रोपिलीनच्या कडीपेक्षा कितीतरी जोराने वळवते. डाव्या-उजव्या ॲल्युमिनियमवर तर जागा आणि शेवटची कडी दोघी एकाच वेळी आपापला जोर लावतात, आणि कोणाचा वाटा किती यावर शोधनिबंध येत राहतात. त्यातल्या प्रत्येकात मी आधी एनएमआरचं पान उघडते आणि चुका शोधते.